तातुलच्या डोक्यावरची माती

राजाचा बाप मेला आणि रोगोझ गावाच्या तोंडचं पाणी पळालं. राजाच्या बापाचा आणि या गावाचा संबंध काय, असं विचाराल तर संबंध एवढाच, की बापाच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून राजानं मठाला दान केलं, आणि दान केलं ते गावाशेजारचं तळं. तळं, तळ्यातलं पाणी, पाण्यातला मासा, काठची गवताळ जमीन, सगळं 'जुन्या हद्दीपर्यंत'. खाली सोन्याची मोहर, आणि दान मोडेल त्याला तीनशे अठरा धर्मपित्यांचा शाप. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय!

पण तळ्याचंही गावाला एवढं दुःख नव्हतं. ते पूर्वी एका सरदाराचं होतं, तो निपुत्रिक मेला तेव्हा राजाकडे गेलं, आता साधूंकडे चाललं होतं. गावाचा होता तो ओढा. तळ्यातून निघून डॅन्यूबला मिळणारा, फार तर दोन होड्या शेजारून जातील एवढा. वसंतात नदी फुगली की पाणी ओढ्यातून उलटं तळ्यात चढायचं आणि पाण्यामागून मासा. पाणी उतरायला लागलं की गावकरी ओढ्यात वाळुंजाच्या फोकांचा कूड घालायचे. पाणी निघून जायचं, मासा अडायचा. त्या खारवलेल्या माशावर गाव हिवाळा काढायचं. जमीन म्हणाल तर राळे पेरावेत आणि चिमण्यांनी खावेत, अशी.

मठ म्हणत होता, ओढा तळ्याचाच भाग, हद्द ओढ्याच्या अलीकडून, गावाला घासून जाते. गाव म्हणत होतं, पलीकडून जाते. हद्दीचे दगड कित्येक पुरांच्या गाळाखाली गेलेले. आणि गावाची खरी गोम अशी, की आपण म्हणतो ते खरं आहे यावर गावाचाच विश्वास नव्हता. चुलीपाशी म्हाताऱ्या कुजबुजायच्या, की आपल्या वाडवडिलांनी एका अंधाऱ्या रात्री दगड उपटले आणि ओढ्यापलीकडे नेऊन पुरले. कुणी पाहिलं होतं? कुणी नाही. पण सगळ्यांना ठाऊक होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

अशा तंट्यात शेवटी हद्द चालवली जायची. वादाच्या जमिनीतलं गवतासकट एक ढेकूळ कापायचं, जाणत्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवायचं आणि त्याला सोडायचं. तो पाय टाकेल ती हद्द, आणि ते चालणं हीच त्याची शपथ. त्यापुढे राजासुद्धा बोलत नसे.

जुनी हद्द आखताना पाहिलेला एकच माणूस आता जिवंत होता, तातुल. तेव्हा तो दुधाचे दात पडलेला पोरगा. दगड पुरताना गावची पोरं सोबत न्यायचे आणि प्रत्येक दगडापाशी त्यांचे केस असे उपटायचे, पाठीवर फोकेनं असे वळ उठवायचे, की ती जागा पोरगं मरेपर्यंत विसरू नये. बाकीची पोरं साथीत गेली, तुर्कांनी नेली, नदीनं गिळली. तातुलचं नाव गावानं सुचवलं, कारण तो गावचा. मठानंही तेच सुचवलं, कारण तातुलनं आयुष्यात कुणाला खोटं सांगितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. दोन्ही बाजू खूश. काळजीनं जीव जायची पाळी आली ती एकटीवर, त्याच्या सुनेवर, विशावर.

देवळाच्या पायरीवर नाव पुकारलं गेलं, त्या क्षणापासून तातुलला हद्दीबद्दल चकार शब्द काढायची बंदी होती. डोक्यावर माती चढेपर्यंत. मीठ मागावं, पोरांना दटवावं, हवापाण्याचं बोलावं. हद्दीबद्दल मात्र हूं की चूं नाही.

गावचा म्होरक्या द्रागोटा त्याच संध्याकाळी घरी आला. तातुल दारात जाळं विणत होता.

"तातुलकाका, तुम्ही बोलू नका. तुम्हाला बोलता येत नाही हे मला ठाऊक आहे. मी बोलतो, तुम्ही ऐका," द्रागोटा म्हणाला. "दगड कुठं होता ते तुम्हाला ठाऊक आणि देवाला ठाऊक. मला ते नकोच. मला एवढंच दिसतं, की कूड गेला तर ही सगळी पोरं मठाची कुळं होणार. साधू सांगतील तिथं राबणार, साधू देतील ते खाणार. तेव्हा पलीकडून चाला. आपल्या वाडवडिलांनी जे केलं ते केलं."

तातुलनं एक गाठ मारली. दुसरी मारली.

"विशा, मीठ संपलं का गं?" तो म्हणाला.

"मी कुणाशी बोलतोय इथं?" द्रागोटा तडकला. "म्हातारपणी तुम्हाला पुण्यात्मा व्हायचं असेल, तर आमच्या पोरांच्या पोटावर पाय देऊन होऊ नका, सांगून ठेवतो!" आणि पाय आपटत गेला.

त्या दिवसापासून तातुलचं जेवण तुटलं. राळ्याची पेज पुढ्यात गार व्हायची. सकाळ-संध्याकाळ देवळात जाऊन बसायचा. एकदा त्याला बोलवायला म्हणून विशा गेली, तर म्हातारा कपाळ फरशीला टेकून रडत होता. "देवा, पाय चुकू देऊ नकोस. एवढं कर. पाय चुकू देऊ नकोस."

विशाच्या काळजाचं पाणी झालं. तिला वाटलं, झालं, यानं ठरवलं. गावासाठी हा खोटं चालणार, आणि त्या पापाच्या भीतीनं आधीच अर्धा मेलाय.

आता खोटं चालणाऱ्याचं काय होतं, ते तिला सांगायला नको होतं. जी माती डोक्यावर घेऊन खोटं चालला, ती माती त्याला पोटात घेत नाही. शेजारच्या गावात असाच एक होता. सात वर्षांनी रिवाजाप्रमाणे हाडं धुवायला म्हणून उकरला, तर काळाठिक्कर, फुगलेला, जसाच्या तसा. विशानं तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. आणि तिचा नवरा, तातुलचा एकुलता एक, ब्रातुल, बर्फ फुटताना नदीत गेला तो सापडलाच नाही. नवऱ्याला माती मिळाली नाही. आता सासऱ्यालाही मिळायची नाही? दोन पोरांना घेऊन ती त्याच्या छपराखाली राहत होती, आणि त्यानं कधी तिला 'माझ्या मुलाला खाल्लंस' असं म्हटलं नव्हतं. इतर सासू-सासऱ्यांनी काय म्हटलं असतं ते बायका तिला रोज पाणवठ्यावर ऐकवत होत्या. त्या म्हाताऱ्यासाठी ती काय वाटेल ते करायला तयार होती. हाय रे देवा, तेच तर झालं.

संत जॉर्जाच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी राजाचा सरदार मुशात आला, मठाचा कारभारी साधू पाहोमी आला. सगळ्यांसमक्ष ओढ्याच्या काठी, कुडाच्या अगदी शेजारी, मुशातच्या शिपायानं फावड्यानं चौकोनी ढेकूळ कापलं. काळी चिकणमाती, वर हिरवं गवत. ओल्या गोणपाटात गुंडाळलं. रिवाजाप्रमाणे ती माती एक रात्र चालणाऱ्याच्या छपराखाली झोपली पाहिजे, म्हणून तातुलच्या घरी ठेवली आणि दारात शिपाई बसवला.

पहाटे तातुल प्रार्थनेला गेला. शिपाई जांभया देत होता.

"दादा, आत या, गरम आहे," विशा म्हणाली. "माती काय पळून जाते होय?"

"तिला पाय फुटले तर पहिला मी पळेन," तो हसला आणि चुलीपाशी बसला. तिनं त्याला पेज वाढली, वर तळलेल्या माशाचा तुकडा टाकला. तो खाली मान घालून खायला लागला. गोणपाट काखोटीला मारून विशा परसातल्या दारानं बाहेर पडली. कुणी विचारलं असतं तर म्हणाली असती, पाणी शिंपडायला नेते, वाळून फुटेल. पण कुणी विचारलं नाही.

परसात लसणाच्या वाफ्याशेजारी गवत माजलं होतं. तिनं तिथलं ढेकूळ कापलं, तेवढंच लांब, तेवढंच रुंद. जाळी धुण्याच्या टोपलीतला काळा चिखल खालून सारवला, पाणी मारलं. ओढ्याकाठची माती परसामागे वाहणाऱ्या नदीत टाकली. आपल्या परसातली माती डोक्यावर घेऊन माणूस कसाही चालला तरी ती माती त्याला कसला शाप देणार? ती तर त्याचीच. तिचं मन कित्येक दिवसांनी हलकं झालं होतं. शिपायानं पेज संपवून बोटं चाटली, तोवर गोणपाट परत जागेवर होतं.

तातुल देवळातून परतल्यावर तिनं स्वतःच्या जुन्या ओढणीची चुंबळ वळली, सासऱ्याच्या विरळ केसांवर नीट बसवली आणि वर ते ढेकूळ ठेवलं. तातुल क्षणभर डगमगला.

"जड आहे का हो, मामंजी?"

"जड असायलाच पाहिजे," तो म्हणाला.

सगळं गाव मागे निघालं. पुढे तातुल, दोन्ही अंगांना मुशात आणि पाहोमी, मागे पुरुष, सगळ्यांत शेवटी बायका. म्हातारा टेकाडावरून सुरू झाला, जळक्या ओकाच्या झाडापर्यंत सरळ गेला. तिथवर तंटा नव्हताच. मग ओढा आला. सगळे थांबले. तातुल काठाशी उभा राहिला, डोळे मिटले, ओठ हलले. आणि पाण्यात उतरला. गुडघा, मांडी, कंबर. पलीकडे निघाला.

गावकऱ्यांच्या घशातून एकदम आवाज फुटला. द्रागोटानं टोपी काढून छातीशी धरली. 'चालला बाई, चालला खोटं,' विशा मनात म्हणाली, आणि छातीवर क्रूस काढला. 'पण आता काही नाही. आता त्याला काही नाही.'

"आजोबा," पाहोमी पाण्यातून चालत गोड आवाजात म्हणाला, "कपाळावर ओघळ येतायत. माती बोलते म्हणतात. ऐकू येतंय का?"

"मान दुखतेय, बाबा," तातुल म्हणाला. "तेवढं ऐकू येतंय."

लोक हसले. पलीकडच्या काठानं तातुल बोरूच्या बेटातून वाट काढत गेला. एके जागी थांबला. पुढे गेला, परत मागे आला. उजव्या पायानं जमीन चाचपली. मग डोक्यावरची माती दोन्ही हातांनी सावरत मुशातला म्हणाला, "इथं खणा."

"इथं काय आहे?"

"इथं माझे केस उपटले होते. खणा."

शिपायानं खणायला घेतलं. गाळ, मग आणखी गाळ, मग वाळू. पाहोमी आभाळाकडे बघत उभा. मांडीएवढं खोल गेल्यावर फावडं खणकन वाजलं. दगड. दगडावर कोरलेला क्रूस. आणि दगडाखाली, पूर्वी पुरायचे तसे, कोळसे आणि मडक्याचे तुकडे. कोळसा मातीत कुजत नाही, म्हणून तो हद्दीखाली घालतात. दगड उपटून दुसरीकडे नेणारा कोळसा कधी वेचत बसत नाही.

म्हणजे दगड कुणी हलवलाच नव्हता! वाडवडिलांनी काही केलं नव्हतं. इतकी वर्षं गाव नसलेल्या पापाचं ओझं वाहत होतं, आणि म्हातारा सरळ खरं चालत आला होता.

गावानं एकच गलका केला. द्रागोटा मोठ्यानं रडायला लागला. मुशातनं कोळसा हातात घेऊन चुरला, पाहोमीकडे बघून खांदे उडवले. "महाराज, मला तर स्पष्ट दिसतंय," तो म्हणाला. "ओढा गावाचा." पाहोमीचं तोंड आंबट झालं, पण त्यानं मान हलवली.

विशा सासऱ्याच्या डोक्यावरच्या मातीकडे बघत राहिली. बायका तिला मिठ्या मारत होत्या आणि ती थंडगार पडली होती. 'असू दे,' तिनं स्वतःला समजावलं. 'कुणाला कळलंय? आता माती खाली ठेवतील, संपेल.' ती गर्दीतून पुढे घुसली. "मामंजी, द्या ती इकडे, दमला असाल."

"थांब," तातुल म्हणाला. त्याचा चेहरा पहिल्यांदाच उजळला होता. "सरदार, काम अर्धंच झालंय. माझ्या लहानपणी बघितलंय मी. माती जिथून कापली तिथं परत बसवायची. भोकात नीट बसली, की जमिनीनं साक्ष घेतली. त्याशिवाय हद्द पुरी होत नाही."

"राहू दे की, काका," द्रागोटा म्हणाला. "सरदारसाहेबांनी शब्द दिलाय."

"नाही. उद्या कुणी बोट दाखवायला नको."

"आजोबा बरोबर बोलतायत," पाहोमी म्हणाला. "रिवाज तो रिवाज."

हा रिवाज विशाला ठाऊक नव्हता. तिच्या हयातीत हद्द चाललीच नव्हती. ओढा परत ओलांडताना ती मुद्दाम सासऱ्याला खेटून चालली, पाय घसरल्याचं सोंग करून त्याच्या अंगावर पडली, की माती पाण्यात जाईल. पण म्हाताऱ्यानं एका हातानं माती धरली आणि दुसऱ्या हातानं तिला. "सांभाळ, पोरी," तो म्हणाला.

कुडाशेजारचं भोक तसंच होतं. तातुलनं गुडघे टेकून ढेकूळ हळूच आत ठेवलं. एका बाजूला बोट जाईल एवढी फट राहिली, दुसऱ्या बाजूला कड वर आली. तातुलनं तळव्यानं दाबलं. बसेना. भोकाच्या कडांना बोरूची पांढरी मुळं चहूकडून कापलेली दिसत होती. ढेकळात एकही मूळ नव्हतं. पाहोमी वाकला, त्यानं नखानं गवत बाजूला केलं आणि हिरवा कोंब धरून ओढला. हातात आली ती लसणाची कुडी.

"ओढ्याच्या काठाला लसूण कधीपासून उगवतो?" त्यानं विचारलं.

तातुल त्या लसणाकडे बघत राहिला. मग त्यानं मान वर केली आणि गर्दीत विशाला शोधलं. तिच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं.

"माती मी बदलली," तातुल म्हणाला.

"मामंजी!" विशा किंचाळली. "सरदार, मी! मी बदलली ती, यांना काही माहीत नाही, हे खरं चालले, कोळसा निघाला ना, तुमच्या डोळ्यांसमोर निघाला ना!"

"हद्दीच्या कामात बाईची साक्ष चालत नाही," मुशात म्हणाला. तो रागावला नव्हता. थकला होता. "आणि कोळसा निघाला खरा. पण जो माणूस माती बदलतो, त्याला आधी जाऊन कोळसा पुरायला काय जड आहे?"

"आणि दगडही," पाहोमी म्हणाला.

"गाळ बघा की हो! इतक्या वर्षांचा गाळ—" द्रागोटा ओरडला, आणि मधेच गप्प झाला, कारण त्याचं कुणी ऐकत नव्हतं. मग तो तातुलकडे वळला. "आम्हाला हरवायला किती दिलं रे तुला मठानं?" तो म्हणाला, आणि म्हाताऱ्याच्या पायाशी थुंकला.

निकाल तिथंच झाला. शपथ खोटी. ओढा मठाचा, कूड मठाचा, कुडावर राबणारे हात मठाचे. तातुल बहिष्कृत. त्याच्यासाठी घंटा नाही, मेणबत्ती नाही, देवळाच्या आवारात जागा नाही. देवळातल्या धर्मगुरूनं खाली मान घालून तो शाप वाचला. त्यानंच तातुलच्या मुलाचं लग्न लावलं होतं. पाहोमीनं मात्र लसूण नीट रुमालात गुंडाळून घेतला.

घरी येताना वाटेत दारं बंद होत गेली. तातुल उंबऱ्यावर बसला. विशानं पोरांना आत ढकललं आणि त्याच्या पायांवर कोसळली.

"मारा मला, मामंजी. जिवंत गाडा मला."

"कधी केलंस?"

"पहाटे. तुम्ही देवळात होतात."

"का?"

"तुम्हाला माती मिळावी म्हणून," ती हुंदके देत म्हणाली. "तुमच्या मुलाला मिळाली नाही. तुम्हाला तरी मिळावी."

ओढ्याकडून खुंट ठोकल्याचे आवाज येत होते. मठाची माणसं कामाला लागली होती.

"मी रडायचो ते लांबचं दिसेनासं झालंय म्हणून," तातुल म्हणाला. "जागा सापडेल की नाही, याची भीती होती. दुसरी कसली भीती असणार?" मग त्यानं तिच्याकडे बघितलं. "म्हणजे तुला वाटलं, मी खोटं चालणार."

एवढं सगळं झाल्यावरही तिला खोटं बोलता आलं असतं. पण खोटं बोलायचं नाही असं तिनं ठरवलं.

"हो," ती म्हणाली.

"आणि द्रागोटाला?"

"त्यालाही. सगळ्यांनाच वाटलं होतं, मामंजी."

"सगळ्यांना," तो म्हणाला. "एवढी वर्षं राहिलो तुमच्यात. एकालाही वाटलं नाही, की तातुल आहे, तो खरंच चालेल?"

विशा उठली. पाण्याचा तांब्या भरून तिनं त्याच्यापुढे धरला. त्यानं तो घेतला नाही, आणि ती हात पुढे करून तशीच उभी राहिली.